जुन्या फिल्मचा आवाज व्हिडिओत घेताना: खरखर कमी करण्याची टप्प्याटप्प्याने कृती

फिल्म व्हिडिओत उतरवून होते, चित्र छान येतं, पण आवाज ऐकवत नाही. मग ती फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकून ‘नॉइज रिडक्शन’ कमाल जोराने चालवलं जातं. माणसं विहिरीतून बोलल्यासारखी ऐकू येऊ लागली की ‘रीळच खराब होतं’ म्हणून विषय संपतो. माझ्याकडे मदतीसाठी येणाऱ्या बहुतेक फाइलींची हीच कथा असते, आणि बहुतेक वेळा रीळ निर्दोष निघतं. त्रास देणारा आवाज फिल्म चालवताना आणि वायरीतून बाहेर काढताना मिसळलेला असतो. तो तिथेच अडवला तर सॉफ्टवेअरला फार थोडं काम उरतं.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यालाच ‘खरखर’ म्हणणं. एकसारखी गुंगुं वेगळी, अधूनमधून होणारी टक्-टक् वेगळी, जलद फडफड वेगळी आणि पावसासारखी सूं वेगळी. प्रत्येकीचं कारण निराळं, उपायाचा टप्पाही निराळा. आपल्या कानाला या शब्दांतले फरक आधीच ठाऊक आहेत, फक्त ते कामाला लावायचे आहेत.

पुढची कृती सुपर ८ (८ मिमी रुंदीची घरगुती फिल्म) वरच्या मॅग्नेटिक पट्टीसाठी आणि १६ मिमीच्या ऑप्टिकल किंवा मॅग्नेटिक ट्रॅकसाठी आहे. ट्रॅक म्हणजे फिल्मच्या कडेला आवाज नोंदलेला पट्टा: मॅग्नेटिक चुंबकाने वाचला जातो, ऑप्टिकल प्रकाशाने. क्रम बदलू नका.

## टप्पा १: ट्रॅक कोणता आहे ते ओळखा

फिल्मचा दोन-तीन फुटांचा भाग उजेडासमोर धरा. कडेला गंजासारख्या तपकिरी रंगाची, चमक नसलेली पट्टी दिसली तर ट्रॅक मॅग्नेटिक आहे. डोंगररांगेच्या कडेसारखी काळी-पांढरी नागमोडी रेघ किंवा करड्या आडव्या रेघांची दाटीवाटी दिसली तर तो ऑप्टिकल.

सुपर ८ वर बऱ्याचदा दोन तपकिरी पट्ट्या असतात. मुख्य पट्टी भोकांच्या विरुद्ध कडेला असते. भोकांच्या बाजूची बारीक पट्टी फिल्म रिळावर सपाट बसावी म्हणून लावलेली असते, पण काही प्रोजेक्टर तिच्यावरही आवाज घेत. म्हणून ती रिकामी आहे असं गृहीत धरू नका.

ही ओळख आधी करायची, कारण धूळ दोन्ही ट्रॅकना वेगळा त्रास देते. ऑप्टिकल ट्रॅकवर धुळीचा कण प्रकाश अडवतो आणि ‘टक्’ होतं. मॅग्नेटिक पट्टीवर तोच कण फिल्मला हेडपासून, म्हणजे आवाज वाचणाऱ्या चुंबकीय भागापासून, उचलून धरतो. तेव्हा टक् होत नाही, आवाज क्षणभर दबतो, जणू बोलणाऱ्याच्या तोंडावर कुणी हात ठेवला.

सावधान: डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटची फिल्म कुजायला लागलेली आहे. ती आकसलेली असू शकते आणि प्रोजेक्टरच्या दात्यांत फाटेल. अशी फिल्म दात्यांशिवाय चालणाऱ्या स्कॅनरवरच द्यावी. मॅग्नेटिक पट्टीतलं लोखंडाचं ऑक्साइड ही झीज आणखी वेगाने वाढवतं, म्हणून ते रीळ बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवा.

## टप्पा २: फिल्म स्वच्छ करा, जोड तपासा

रीळ हाताने, सावकाश, दोन रिवाइंडरांमध्ये फिरवा. एका हाताच्या बोटांत धागे न सुटणारं मऊ कापड हलकेच धरा आणि फिल्म त्यातून जाऊ द्या. पहिल्या फेरीत कापड कोरडंच असावं. दर काही फुटांनी कापडाची घडी बदला. न बदलल्यास आधी पुसलेली धूळ पुढच्या भागावर ओरखडे ओढते.

कोरड्या पुसण्याने न निघणारा चिकटा असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड जेमतेम ओलसर करा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको. पाणी फिल्मला लावायचंच नाही, कारण चित्राचा थर जिलेटिनचा असतो आणि तो फुगतो.

सावधान: मॅग्नेटिक पट्टी असेल तर अल्कोहोल आधी शेवटच्या इंचभर भागावर लावून बघा. कापडावर तपकिरी डाग उतरला तर तिथेच थांबा. तो डाग म्हणजे मळ नव्हे, तो तुमचा आवाज आहे.

याच फेरीत प्रत्येक जोड बोटांनी चाचपा. सुटत आलेले जोड नव्याने चिकटवा. चिकटपट्टी मॅग्नेटिक पट्टीवर येता कामा नये, आली तर त्या जागी हेड उचललं जाऊन आवाज गायब होतो. ऑप्टिकल ट्रॅकवर जोड आला की धप्प असा ठोका बसतो. पूर्वी तो लपवायला ट्रॅकवर काळ्या शाईचा पाचर-आकाराचा ठिपका देत. आज मी मूळ फिल्मला शाई लावणार नाही. तो ठोका नंतर संगणकावर मिनिटभरात निघतो.

## टप्पा ३: प्रोजेक्टर तयार करा

मॅग्नेटिक असेल तर कापसाच्या काडीवर अल्कोहोल घेऊन हेड, रोलर आणि फिल्म टेकते त्या सगळ्या धातूच्या जागा पुसा. काडी तपकिरी होत राहील तोवर नवी काडी घ्या. काडी पांढरी बाहेर आली की हेड साफ झालं. नंतर हेडमधलं उरलेलं चुंबकत्व काढा. प्रोजेक्टर बंद ठेवा. डीमॅग्नेटायझर हेडपासून मीटरभर लांब असताना चालू करा, सावकाश जवळ आणा, हेडवरून फिरवा, तितक्याच सावकाश मीटरभर मागे न्या आणि मगच बंद करा. हेडजवळ असतानाच बंद केला तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकीय होतं. फिल्म या वेळी दुसऱ्या खोलीत असू द्या.

ऑप्टिकल असेल तर आवाजासाठीचा छोटा दिवा, म्हणजे एक्सायटर लॅम्प, त्याच्यापुढचं भिंग, फट आणि पलीकडचा फोटोसेल (प्रकाश टिपून त्याचा विजेचा सिग्नल करणारा भाग) मऊ ब्रशने झटका. फटीत अडकलेला केसाएवढा धागा अख्ख्या रिळाचा आवाज बारीक आणि खरखरीत करू शकतो.

मग फिल्म न चढवता प्रोजेक्टर दहा मिनिटं चालू ठेवा. पडून राहिलेले रबरी पट्टे आणि आटलेलं वंगण सैल होईपर्यंत वेग स्थिर होत नाही, आणि तो हेलकावा गाण्यात लगेच कळतो.

सावधान: आवाज रेकॉर्ड करण्याची सोय असलेल्या सुपर ८ प्रोजेक्टरवर रेकॉर्डची कळ चुकून दाबली गेली तर मूळ आवाज कायमचा पुसला जातो. ती कळ कागदी चिकटपट्टीने झाका, तिथला मायक्रोफोन काढून ठेवा आणि पहिली चाचणी बिनमहत्त्वाच्या रिळावर घ्या.

## टप्पा ४: फिल्म चढवण्याआधी नुसता प्रोजेक्टर ऐका

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात. सगळ्यात जास्त फायदा मात्र इथेच आहे, म्हणून अर्धा तास द्या.

हेडफोन लावा आणि एकेक गोष्ट वाढवत जा: आधी फक्त ॲम्प्लिफायर, मग मोटर, मग एक्सायटर लॅम्प, मग चित्राचा दिवा. प्रत्येक वेळी कागदावर लिहा की कोणता आवाज नव्याने आला. जो आवाज फिल्म नसतानाही येतो तो फिल्मचा नाही.

गुंगुं. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर ही गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झवर असते, ६० हर्ट्झचा असेल तर ६० किंवा १२० वर. ऑप्टिकल प्रोजेक्टरवर एक सोपी कसोटी आहे. एक्सायटर लॅम्प आणि फट यांच्यामध्ये काळा पुठ्ठा धरा. गुंगुं थांबली तर ती दिव्याच्या प्रकाशातूनच येते आहे, म्हणजे दिव्याला स्थिर डीसी पुरवठा मिळत नाही. थांबली नाही तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा वायरींत शोधा.

लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. गुंगुं गेली तर ते अर्थ-लूप होतं, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थच्या वायरींतून फिरणारी वीज. रेकॉर्डिंगभर बॅटरीवरच काम करा, किंवा मध्ये १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची अर्थची पिन कापून हा प्रश्न सोडवायचा नाही. त्याने गुंगुं जाते, पण प्रोजेक्टरच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर ती तुमच्या हातातून जाईल.

मोटर चालू होताच गुंगुं वाढली तर मोटरचं चुंबकीय क्षेत्र हेडमध्ये किंवा वायरीत शिरतं आहे. सिग्नलची वायर विजेच्या वायरीपासून लांब न्या, दोन्ही ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. १०० हर्ट्झची जाड गुंगुं कशानेच हलत नसेल तर वीजपुरवठ्यातले कपॅसिटर सुकलेले असण्याची शक्यता मोठी. ते काम जाणकाराला द्या. या कपॅसिटरांत प्लग काढल्यानंतरही धोकादायक व्होल्टेज साठून राहतं.

घरघर. मोटरचा नि पंख्याचा हा आवाज खोलीत येतो, पण हेडफोनमध्ये येत नसेल तर त्याची काळजी नको. पुढे मायक्रोफोन वापरायचाच नाही.

तपासणी: फिल्म नसताना, नेहमीच्या आवाजपातळीवर, हेडफोनमध्ये फक्त हलकी सूं उरली का? गुंगुं उरली असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: फिल्म चढवा आणि ट्रॅकवर नीट बसवा

चित्राच्या खिडकीपाशी फिल्म थांबत-थांबत चालते आणि आवाजाच्या ड्रमवर ती सलग सरकली पाहिजे. मधला सैल फास म्हणजे लूप हा धक्का गिळतो. तो लहान झाला तर फिल्म खेचणाऱ्या पंजाचा प्रत्येक झटका आवाजात उतरतो. ड्रमवर मात्र फिल्म ताणून, घट्ट टेकलेली हवी.

आता फडफडीकडे. एका १६ मिमी रिळात बोलण्याच्या मागे लांबवर मोटारसायकल चालल्यासारखा आवाज सतत येत होता. ते रीळ माझ्याकडे येण्याआधी त्यावर दोनदा सॉफ्टवेअर फिरवून झालं होतं आणि बोलणं पोकळ झालं होतं. मी ड्रमजवळचा कडेचा मार्गदर्शक रोलर पाव फेऱ्याहून कमी फिरवला आणि फडफड बंद झाली. फट ट्रॅकवरून किंचित आत सरकली होती, त्यामुळे ती चित्रांच्या चौकटींमधल्या रेघा वाचत होती. १६ मिमी आवाजी फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी धावते, म्हणून सेकंदाला २४ ठोके. ३५ मिमीवर फट उलट बाजूला, भोकांकडे सरकली तर हाच ठोका ९६ हर्ट्झचा होतो, कारण तिथे चौकटीमागे चार भोकं असतात.

तो रोलर हलवण्याआधी त्याची मूळ जागा पेन्सिलीने खुणावून ठेवा.

मग ऑप्टिकल भिंगाचा फोकस. काही प्रतींत फिल्मचा चकाकी नसलेला थर भिंगाकडे असतो, काहींत पलीकडे, आणि त्यानुसार फोकस थोडा बदलतो. बोलणं सुरू असताना ‘स’ आणि ‘श’ ऐका व भिंग सावकाश फिरवा. ही अक्षरं सर्वांत स्पष्ट होतील ती जागा बरोबर. मॅग्नेटिक हेडचा तिरकेपणाही याच ‘स’-‘श’वर जुळतो, पण तो स्क्रू सवय नसेल तर सोडून द्या.

फोकसचा खरखरीशी संबंध असा: फोकस चुकला की बोलणं घोगरं होतं. मग माणूस नंतर ट्रेबल वाढवतो, आणि त्याबरोबर सगळी सूं वर येते.

## टप्पा ६: रेकॉर्डिंग

मायक्रोफोन नको. स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवला की मोटर, पंखा, फिल्मची टकटक आणि खोलीचा घुमारा असं सगळं एकत्र येतं. ते वेगळं करता येत नाही. लाइन आउट असेल तर तिथूनच घ्या. जुन्या प्रोजेक्टरांवर पाच पिनांचा गोल डिन सॉकेट असतो. कोणती पिन कशाची, हे त्या प्रोजेक्टरच्या पुस्तिकेतून बघा, अंदाजाने जोडू नका. फक्त स्पीकर आउट असेल तर मध्ये ॲटेन्युएटर (सिग्नलचा जोर कमी करणारा भाग) घालून मगच लाइन इनपुटला द्या.

सावधान: ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा असेल तर स्पीकर काढून टाकून तो मोकळा चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्पीकर किंवा त्याच्या इतक्याच ओहमचा, पुरेशा वॅटचा रेझिस्टर जोडलेला हवा.

प्रोजेक्टरचे टोन नॉब मध्यावर ठेवा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये करा. सर्वांत मोठे आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील इतकाच गेन द्या. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं नंतर निर्धास्त वाढवता येतं, पण वर फाटलेला आवाज परत मिळत नाही. आपोआप पातळी बदलणारी सोय, म्हणजे एजीसी, बंद करा. ती चालू असली की प्रत्येक शांत जागी सूं फुगते, बोलणं सुरू होताच खाली जाते, आणि अशी वरखाली होणारी सूं सॉफ्टवेअरला ओळखता येत नाही.

आवाज आणि चित्र दोन वेगळ्या फेऱ्यांत घ्या. आवाजाच्या फेरीत सोय असेल तर चित्राचा दिवा बंद ठेवा, फिल्म तापत नाही. फिल्म सुरू होण्याआधीपासून ती संपेपर्यंत सलग रेकॉर्ड करा. मॅग्नेटिक पट्टीची मी दोनदा फेरी घेतो. पहिल्या फेरीत जिथे आवाज दबला तिथे दुसरीत तो बऱ्याचदा नीट आलेला असतो.

## टप्पा ७: सॉफ्टवेअरमधला क्रम

मूळ फाइल बाजूला ठेवून प्रतीवर काम करा. ऑडासिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

१. खालचा गडगडाट कापा. ६० ते ८० हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरने काढा. माणसांच्या बोलण्याचं नुकसान होत नाही. खर्जातलं संगीत असेल तर मर्यादा ४० पर्यंत खाली आणा.

२. टक्-टक्. ‘क्लिक रिमूव्हल’ सौम्य ठेवून चालवा. उरलेले मोठे ठोके आणि जोडांचे धप्प स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाच्या फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या चित्रात) उभ्या रेघांसारखे दिसतात. ते एकेक निवडून दुरुस्त करा. ऑडासिटीचं ‘रिपेअर’ एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच चालतं, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला जेमतेम २.७ मिलिसेकंद.

३. उरलेली गुंगुं. ५०, १००, १५० हर्ट्झवर अरुंद नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच एक फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर, लावा. टक् आधी आणि गुंगुं नंतर, कारण अरुंद फिल्टरवर टक् आदळला की तो घंटेसारखा घणघणतो.

४. सूं. नॉइज रिडक्शनसाठी नमुना द्यावा लागतो, आणि इथे सर्वांत जास्त चुका होतात. नमुना फिल्म सुरू होण्यापूर्वीच्या शांततेतून घेऊ नका. तिथे फक्त ॲम्प्लिफायरची सूं असते, फिल्मची नाही. फिल्म चालू आहे, ट्रॅकही आहे, पण कुणी बोलत नाही असा अर्धा-एक सेकंद शोधा. त्यात वारा किंवा पक्षी असतील तर दुसरी जागा बघा, नाहीतर तेही अख्ख्या फिल्ममधून पुसले जातील. घट एका वेळी ६ डेसिबल ठेवा. लागलीच तर नव्या नमुन्याने दुसरी हलकी फेरी घ्या. एकदम २० डेसिबल काढायला गेलात की पाण्याखाली टिणटिणाऱ्या घुंगरांसारखा आवाज मागे राहतो, आणि तो सूंपेक्षा जास्त खुपतो.

तपासणी: ‘रेसिड्यू’ निवडून फक्त काढला जाणारा भाग ऐका. त्यात शब्द ओळखू येत असतील तर तुम्ही बोलणं कापता आहात. जोर कमी करा.

५. टोन आणि पातळी सगळ्यात शेवटी. १६ मिमी ऑप्टिकलमध्ये कामाचा आवाज साधारण ५-६ किलोहर्ट्झपर्यंतच असतो. त्याच्या बऱ्याच वर फक्त सूं उरते, ती लो-पास फिल्टरने (वरचा भाग कापणाऱ्या) हळुवार उतरवा.

आवाजी कॅमेऱ्याने घेतलेल्या फिल्ममध्ये कॅमेऱ्याच्याच मोटरची किरकिर मूळ ट्रॅकवर असते. ती बोलण्यात मिसळलेली असते. थोडी कमी होते, पूर्ण जात नाही, आणि तिच्या मागे लागून बोलणं गमावू नये.

## टप्पा ८: वेग आणि जुळवणी

वेग दुरुस्त करणं सफाईनंतरच. प्रोजेक्टरमधून शिरलेली गुंगुं कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये अचूक ५० हर्ट्झवर असते. वेग आधी बदलला तर ती सरकते आणि नॉच फिल्टर चुकतो.

हिशेब असा. सुपर ८ च्या एका फुटात ७२ चौकटी, म्हणजे २०० फुटांत १४,४००. सेकंदाला १८ चौकटींनी ते ८०० सेकंद होतात. तुमचं रेकॉर्डिंग ७७८ सेकंदांचं भरलं तर प्रोजेक्टर जलद चालत होता. ७७८ भागिले ८०० म्हणजे ०.९७२५, तेवढा वेग द्या. इथे वेग आणि स्वर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा. फक्त लांबी ताणणारा पर्याय स्वर चढाच ठेवतो आणि आवाजात खरबरीतपणाही आणतो.

चित्राची लुकलुक टाळायला प्रोजेक्टर सेकंदाला १६⅔ चौकटींवर आणून घेतलेल्या व्हिडिओतला आवाज वापरू नका. १८ च्या तुलनेत तो सव्वा अर्धस्वरापेक्षा (सेमीटोनपेक्षा) थोडा जास्त खाली उतरलेला असतो आणि सगळे पेंगुळलेले वाटतात.

स्कॅनरने चित्र आणि ट्रॅक एकाच जागेपासून वाचले असतील तर आवाज चित्राच्या पुढे असतो: सुपर ८ मॅग्नेटिकवर १८ चौकटी, १६ मिमी ऑप्टिकलवर २६, १६ मिमी मॅग्नेटिकवर २८. तितका तो उशिरा सुरू होईल असा सरकवा. प्रोजेक्टरवर लूप बरोबर असेल तर हे अंतर आपोआप साधलं जातं.

तपासणी: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ‘प’, ‘ब’ किंवा ‘म’ उच्चारताना मिटणारे ओठ बघा. तिन्ही जागी जुळले तर वेग बरोबर.

## टप्पा ९: शेवटचं ऐकणं

दुसऱ्या दिवशी, ताज्या कानांनी, चित्रासोबत ऐका. आधी हेडफोनवर, मग साध्या स्पीकरवर.

दोन संवादांमधल्या शांत जागा पूर्ण मुक्या करू नका. आवाज शून्यावर गेला की पुढच्या शब्दाबरोबर परत येणारी सूं दचकवते. जिथे ठोका कापून भोक पडलं असेल तिथे त्याच दृश्यातली शांत सूं भरा आणि दोन्ही टोकं एकमेकांत विरघळवा. मग व्हिडिओला तयार आवाज जोडा, आणि त्याच फोल्डरमध्ये न छेडलेली २४ बिट फाइल आणि वापरलेल्या सेटिंग्जची टीप ठेवा.